रात्री दोनची साखर

आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या लेकीला टाइप वन मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते रोज सुईनं द्यावं लागतं. किती द्यायचं ते खाण्यावर, खेळण्यावर, दुखण्याखुपण्यावर ठरतं. कमी पडलं तर साखर चढते, जास्त झालं तर एकदम उतरते; दोन्हीकडून जिवाला धोका. म्हणून ताई रात्री दोनला उठून लेकीची साखर बघतात. या हिशेबाचा इतिहास आज आम्ही सांगतो.

शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हा आजार म्हणजे मरणच. मुलांना अर्धपोटी ठेवून डॉक्टर त्यांचे दिवस थोडे लांबवत. १९२१ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडातला हा रस मिळवला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिल्या खेपेला नीट गुण आला नाही. मग जेम्स कॉलिप यांनी औषध अधिक शुद्ध केलं आणि मुलगा सावरला.

औषध मिळालं, पण हिशेब घरच्यांच्याच माथी राहिला. १९७०च्या दशकात साखर मोजून आपोआप इन्सुलिन देणारं यंत्र आलं. पण ते एवढं मोठं, की दवाखान्यात खाटेशेजारीच ठेवावं लागे.

पुढची गोष्ट एका बाईची. अमेरिकेतल्या डेना लुईस यांना हाच आजार. अंगावरच्या सेन्सरचा गजर इतका हळू वाजे, की झोपेत ऐकूच येत नसे. त्यांनी स्कॉट लीब्रँड यांच्या मदतीनं आधी मोठा गजर बनवला. मग साखर पुढे कुठे जाईल याचा अंदाज बांधणारं गणित जोडलं. २०१४ च्या अखेरीस तेच गणित दर पाच मिनिटांनी आकडा बघून पंपाला हुकूम देऊ लागलं. २०१५ मध्ये त्यांनी ती रीत सगळ्यांना फुकट खुली केली. नंतर मागच्या नोंदींवरून गणित स्वतःला सुधारूही लागलं. २०१६ मध्ये अमेरिकी सरकारनं एका कंपनीच्या अशा पंपाला मंजुरी दिली. तरी जेवणाचा अंदाज अजून माणसालाच सांगावा लागे.

हे पंप महाग आहेत, ताईंच्या आवाक्याबाहेरचे. पण त्यांच्याकडे एक वही आहे: वेळ, साखर, भाकरी किती, इन्सुलिन किती. यंत्रही अशाच नोंदींवरून शिकतं. ती वही बघूनच डॉक्टरांनी लेकीचा रात्रीचा डोस बदलला. आपल्या मनानं डोस बदलू नये आणि इन्सुलिन कधीच बंद करू नये.

आमच्या गटातल्या चौघीजणी आता साखर तपासायला शिकल्यात. घाम, थरथर, चक्कर दिसली आणि मूल शुद्धीत असलं, तर लगेच साखरपाणी द्यायचं, हे आम्हाला पाठ झालंय. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. ताईंना कधी गावाला जावं लागलं, तर रात्री दोनला आमच्यातली एक उठते आणि वहीत आकडा लिहिते.