तीच रेकॉर्ड पुन्हा कोण वाजवायचं?

मंडईत संध्याकाळी गेलात तर एक आवाज हमखास कानावर पडेल. हातगाडीवर टोमॅटो किंवा सीताफळांचा ढीग, त्यावर टांगलेला एक छोटा बॅटरीवरचा भोंगा, आणि त्यातून विक्रेत्याच्याच आवाजातली भावाची आरोळी. एकदा रेकॉर्ड केली की दिवसभर तीच. विक्रेता मात्र शांतपणे मोबाईल बघत बसलेला असतो. 'तीच तीच रेकॉर्ड वाजवू नकोस' हा वाक्प्रचार आपण घरात रोज वापरतो, पण ज्या काळात खरोखरच रेकॉर्ड होती त्या काळात ती परत वाजवणं किती कटकटीचं होतं याचा पत्ता या वाक्प्रचारात कुठेच लागत नाही.

आजचा विषय तोच. ग्रामोफोनची रेकॉर्ड संपल्यावर आपोआप पुन्हा सुरू करणारं यंत्र. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा विषय मुद्दाम वाचा, कारण तंत्रज्ञानाच्या इतिहासात आपण सगळ्यात आधी 'शोध कोणी लावला' हे विचारतो. माझा अनुभव असा आहे की 'अडचण नेमकी कोणाची होती' हे आधी विचारलं तर कागदपत्रं वेगळ्याच क्रमाने उघडावी लागतात.

आधी अडचण समजून घेऊ. चावीच्या ग्रामोफोनवर दहा इंची रेकॉर्डची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटं चालायची. ती संपली की उठायचं, साउंडबॉक्स उचलायचा, मागे न्यायचा, पुन्हा टेकवायचा. एवढंच असतं तर एखादी तरफ आणि स्प्रिंग लावून काम भागलं असतं. पण मध्ये तीन गोष्टी आडव्या येत होत्या.

पहिली सुई. घरोघरी वापरली जायची ती पोलादी पिन, आणि डबीवर सूचना असायची की एक पिन एकदाच वापरा. हा निव्वळ पिना खपवण्याचा डाव नव्हता. लाखेच्या रेकॉर्डमध्ये लाखेपेक्षा दगडाची बारीक पूड जास्त असायची. ती पूड पहिल्या काही फेऱ्यांत पिनेचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करायची. म्हणजे झिजणं ही पिनेची गरजच होती. पण बाजू संपेपर्यंत टोकाला धारदार कडा आलेल्या असत. तीच पिन पुन्हा बाहेरच्या खाचेत टेकवली की ती छिन्नीसारखी चालायची. म्हणजे यंत्र आपोआप परत गेलं असतं, पण रेकॉर्डचं वाटोळं करूनच. (ही लाख जवळजवळ सगळ्या जगाला आपल्याकडून जायची. छोटा नागपूरच्या जंगलात झाडावरून खरवडलेली लाख, आणि ती परत यायची गाणं होऊन. यावर कधीतरी वेगळं लिहायचं आहे.)

दुसरी चावी. साध्या मशिनला एकदा चावी दिली की एक बाजू, फार तर दोन. त्यात आर्म उचलून परत न्यायचं कामही त्याच स्प्रिंगने करायचं म्हटलं तर शेवटी शेवटी गाण्याचा सूर उतरायला लागणार. विजेची मोटर आल्यावर हा प्रश्न सुटला, पण ती सोय वीज असलेल्या घरांपुरतीच.

तिसरी अडचण मला सगळ्यात मजेदार वाटते. गाणं संपलं हे यंत्राला कळणार कसं?

माणसाला ते कळतं. १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहर जानचं ध्वनिमुद्रण केलं. त्या काळच्या रेकॉर्डवर गाण्याच्या शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते. त्याचं कारण असं सांगितलं जातं की मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायला जात आणि तिथल्या लोकांना कोणती कोणाची हे ओळखता यावं. पण ऐकणाऱ्यासाठी ती एक खूणही होती. नाव ऐकू आलं, उठा, पिन उचला. लोखंडी तरफेला नाव ऐकू येत नाही. आणि सुरुवातीच्या रेकॉर्ड तर कशाही संपायच्या. कोणाचं गाणं लेबलापासून दोन बोटं दूर, कोणाचं अगदी लेबलाला चिकटून. शेवटची जागा ठरलेलीच नाही.

म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकेत 'रिपीटर'ची जी पेटंटं निघाली, त्यांतल्या साध्या जोडयंत्रांत शेवटची जागा माणसाने हाताने ठरवून द्यायची असे. प्रत्येक रेकॉर्डला वेगळी. म्हणजे पुन्हा उठणं आलंच! हा प्रश्न सुटला तो रेकॉर्ड बदलल्यामुळे. १९२०च्या दशकात कंपन्या गाण्यानंतर एक मोकळी, झपाट्याने आत जाणारी खाच कापायला लागल्या. ऐकणाऱ्याला त्या खाचेचा काही उपयोग नव्हता. ती यंत्रासाठी लिहिलेली सूचना होती. तुमच्या हातात जुनी रेकॉर्ड आली तर लेबलाजवळची ही मोकळी वळणं जरूर बघा. यंत्राला वाचता यावं म्हणून माणसाने गाण्याशेजारी काहीतरी कोरायला लागण्याचा तो एक सुरुवातीचा नमुना आहे.

टास्मानियातल्या होबार्टच्या एरिक वॉटरवर्थ या तरुणाने १९२५ मध्ये रेकॉर्ड आपोआप बदलणारं यंत्र तयार केलं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीने आपलं स्वयंचलित मशिन बाजारात आणलं. ते वाजून झालेली रेकॉर्ड उचलून बाजूच्या कप्प्यात सरकवायचं. पुढे इंग्लंडच्या स्विंडनमधल्या गॅरार्ड कंपनीचे चेंजर आले, आणि आपल्याकडच्या रेडिओग्राममध्ये जे दिसतात ते याच घराण्यातले. मधल्या उंच दांड्यावर रेकॉर्डची चळत ठेवायची, एक संपली की वरची एक खाली पडते.

पण इथे जरा थांबा. ही सगळी यंत्रं 'पुढची लाव' या मागणीला उत्तर देतात. 'हीच परत लाव' ही मागणी वेगळी आहे. पार्टीत नाचणाऱ्यांना, जेवताना मागे संगीत हवं असणाऱ्यांना, चार रेकॉर्डवर कापून विभागलेली सिंफनी सलग ऐकणाऱ्यांना पुढची हवी असते. बाजार त्यांच्या बाजूने गेला. पुन्हा वाजवण्याचं काय झालं ते सांगण्याआधी चेंजरच्या पोटात जाऊन येऊ.

मंडईजवळच्या एका गल्लीत दुरुस्तीचं जुनं दुकान आहे. तिथे टेबलावर उलटा उघडून ठेवलेला गॅरार्डचा चेंजर मी पहिल्यांदा नीट पाहिला. पदार्थविज्ञानात एमएस्सी केलेलं असूनही हे यंत्र वाचायला मला अख्खी दुपार लागली. काका (दुकानदारांना सगळे काकाच म्हणतात) फक्त थाळी हाताने हळूहळू फिरवत राहिले आणि म्हणाले, "बघ, कुठं पकडतंय ते."

पकडतं ते असं. एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटांची, मिनिटाला ७८ फेरे, म्हणजे एकूण अडीचशेच्या आसपास. तेवढ्या फेऱ्यांत पिन जवळजवळ सत्तर मिलिमीटर आत सरकते. म्हणजे एका फेऱ्याला पाव मिलिमीटरच्या किंचित वर. आर्मला खालून एक अगदी हलकी पट्टी जोडलेली असते, घट्ट नाही, नुसत्या घर्षणाने. आर्म सरकला की ती तेवढीच पुढे सरकते. थाळीच्या बुंध्याला एक बारीक दात असतो, तो प्रत्येक फेऱ्यात त्या पट्टीला टिचकी मारून मागे ढकलतो. पाव मिलिमीटर पुढे, टिचकी, मागे. सगळं गाणं हा खेळ चालू असतो. मग गाणं संपतं, मोकळी खाच लागते, आणि पिन एकाच फेऱ्यात कित्येक मिलिमीटर आत जाते. आता पट्टी इतकी पुढे आलेली असते की दात तिला मागे ढकलू शकत नाही, तिच्यात अडकतो. त्या अडकण्याने शेजारचं मोठं दातेरी चाक ढकललं जातं. एरवी त्या चाकाचा दाते नसलेला भाग थाळीसमोर असतो, म्हणून थाळी मोकळी फिरते. एकदा दाते जुळले की ते चाक पूर्ण एक फेरा घेतं, आणि त्याच्यावरच्या उंचसखल वाटा आर्म उचलतात, बाहेर नेतात, रेकॉर्ड पाडतात, आर्म परत आणून टेकवतात. मग दाते नसलेला भाग पुन्हा समोर येतो आणि सगळं शांत.

विज्ञानवाल्यांच्या लक्षात आलं असेल. हे यंत्र पिन कुठे आहे हे बघतच नाही, ती किती वेगाने आत चालली आहे हे बघतं. जागा नाही, जागेचा बदलदर. त्यामुळे गाणं लेबलापासून लांब संपो की जवळ, काही फरक पडत नाही. हातात एक पट्टी, एक दात आणि थोडं घर्षण, आणि अवकलन करून दाखवलं! इलेक्ट्रॉनिक्सचा एक कणही नाही.

आणि म्हणूनच ते बिघडतंही तसंच. जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालं की हलकी पट्टी हलकी राहत नाही. मग कधी गाणं अर्ध्यावर असताना आर्म उचलला जातो, कधी संपूनही उचलला जात नाही. काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्याकडे आलेल्या चेंजरमध्ये मोडकं असं फारसं काही नसतंच. ग्रीस धुऊन काढायचं, बस.

आता 'हीच परत लाव'कडे. चळतीवर एक आडवा हात टेकलेला असतो, रेकॉर्ड सरळ राहाव्यात म्हणून. शेवटची रेकॉर्ड पडली की तो हात खाली येतो, आणि वर काही उरलं नाही हे यंत्राला त्यावरून समजतं. मग ती बाजू वाजून झाली की ते बंद होतं. पण बऱ्याच चेंजरमध्ये तो हात बाजूला वळवून ठेवला तर तो खाली येतच नाही. यंत्राला वाटतं वर अजून रेकॉर्ड आहे. ते आर्म उचलतं, बाहेर नेतं, पाडायचा प्रयत्न करतं, काहीच पडत नाही, आणि आर्म येऊन त्याच रेकॉर्डवर टेकतो. असं अखंड, वीज जाईपर्यंत. म्हणजे आपण शोधत होतो ते पुन्हा वाजवणारं यंत्र मिळालं खरं, पण यंत्राची फसवणूक करून. पुढचं लावण्यासाठी केलेल्या यंत्रात 'पुन्हा' हे असं मागच्या दाराने आलेलं आहे.

मग 'पुन्हा' खरोखर कोणाला हवं होतं? आपल्याकडे त्याचं उत्तर सरळ आहे: शिकणाऱ्याला. भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडलं. कुमार गंधर्व लहान असताना मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवत. या गोष्टी आपण प्रतिभेच्या म्हणून ऐकतो, आणि त्या आहेतच. पण एक साधा भौतिक हिशेब त्यात दडलेला आहे. तीन मिनिटांची रेकॉर्ड एकदा ऐकून तान घशात बसत नाही. कोणीतरी ती परत लावत असणार, पिन बदलत असणार, चावी देत असणार. शिवाय शिकणाऱ्याला अख्खी बाजू परत नकोच असते. त्याला हवी असते तीच एक जागा, तीच हरकत. असलं 'पुन्हा' चेंजरला जमणारच नव्हतं. ते हाताचंच काम.

आणि ज्यांच्या घरी मशिनच नव्हतं त्यांचं 'पुन्हा' दुसऱ्याच्या हातात असायचं. गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. शुक्रवारी सकाळी नवीन गाणं, आणि तेच गाणं पुन्हा शनिवारी आणि रविवारी. तीन वेळा ऐकायला मिळायचं ते केंद्राच्या वेळापत्रकामुळे.

तुम्ही म्हणाल, हाताने लावली की यंत्राने, हे आज कसं कळणार? कंपन्यांची सूचीपत्रकं काय विकायला होतं ते सांगतात, घरात काय झालं ते नाही. पण रेकॉर्ड स्वतः बरंच बोलते. लेबलावर मधल्या भोकाभोवती केसासारखे बारीक ओरखडे असतील तर ती कोणीतरी हाताने, दांडा शोधत शोधत ठेवलेली आहे. पुष्कळ ओरखडे म्हणजे पुष्कळ वेळा. चेंजरवर पडत राहिलेल्या रेकॉर्डच्या भोकाची कड झिजलेली असते. संच असेल तर बाजूंचे आकडे बघा. चार रेकॉर्डच्या संचात पहिल्या बाजूच्या मागे दुसरी असेल तर तो हाताने उलटण्यासाठी, आणि पहिलीच्या मागे आठवी, दुसरीच्या मागे सातवी अशी जोडी असेल तर तो चेंजरसाठी छापलेला. सगळी चळत एकदम उलटली की पुढच्या चार बाजू क्रमाने मिळतात.

खाचा तिरप्या उजेडात धरून बघा. झिजलेला भाग काळा न राहता करडा दिसतो. एखादाच पट्टा करडा असेल तर लगेच 'इथे कोणीतरी तान घोटवली' असं लिहून मोकळे होऊ नका. आवाज मोठा असलेल्या जागाही अशाच करड्या होतात. त्याच रेकॉर्डची दुसरी प्रत मिळवायची आणि दोन्ही शेजारी ठेवायच्या. दोन्हीत तोच पट्टा करडा असेल तर तो आवाजाचा जोर. एकीतच असेल तर ती प्रत ज्या घरातून आली तिथे जाऊन, घरात कोण गात होतं ते विचारायचं.