मॅट्रिकचा सत्कार आणि बडोद्यातली एक खोली

गणेशोत्सवात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार करणे हा आपल्या मंडळांचा जुना रिवाज आहे. श्रीफळ, गुलाबपुष्प, प्रशस्तिपत्रक, एखादे पुस्तक आणि आईवडिलांसह फोटो. निकालपत्रावर आता टक्क्यांच्या जोडीला पर्सेंटाइल आले, एवढाच काय तो फरक. या रिवाजाच्या मागे किती जुना इतिहास आहे ते पाहू लागलो, तेव्हा आम्ही पुन्हा पुन्हा एकाच सत्कारापाशी येऊन थांबलो. तो झाला मुंबईत, पण त्याचे धागे आपल्या बडोद्याशी जोडलेले आहेत.

सत्कारमूर्ती होता भीमराव रामजी आंबेडकर. वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, बिऱ्हाड परळच्या चाळीतल्या एका खोलीत. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यासही तिथेच. वडील मुलाला लवकर झोपवत आणि पहाटे दोनच्या सुमारास उठवत, कारण तेवढ्या वेळीच खोलीत शांतता असे. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने घेत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. शाळेत संस्कृत शिकू दिले नाही म्हणून मुलाने फारसी घेतली. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून तो मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. म्हणजे ३८ टक्केही नाहीत! आजच्या बक्षीस समितीपुढे हा अर्ज आला असता तर किमान टक्केवारीच्या अटीवरच बाद झाला असता. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलाने त्या काळी मॅट्रिक होणे ही केवढी मोठी गोष्ट, हे त्याच्या माणसांना पक्के ठाऊक होते. त्यांनी सभा भरवली. समाजसुधारक सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी मुलाला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले.

चरित्रग्रंथांत ही हकीकत अशी येते. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीत मात्र थोडा फरक आहे. ते सांगतात की सभा इंग्रजी चौथी पास झाल्यावर ठरली आणि केळुसकरच अध्यक्ष होते. आम्हाला या फरकापेक्षा त्याच आठवणीतली दुसरी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. सत्काराला वडिलांचा साफ विरोध होता. पोराने फक्त परीक्षा तर दिली आहे, उगाच डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी केळुसकरांनी समजूत घातली तेव्हा ते राजी झाले. भेट दिलेले पुस्तक सयाजीराव महाराजांच्या नावाने निघणाऱ्या बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते, असेही बाबासाहेब नोंदवतात. म्हणजे मुलाच्या आधी बडोदेच त्याच्या घरी पोचले होते.

केळुसकर विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला होता. हार घालून त्यांचे काम संपले नाही. इंटर झाल्यावर पैशांअभावी पुढचे शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा तेच त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी मुलाला चार प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. ज्या संस्थानाने १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्या राजाला असा मुलगा ओळखायला वेळ लागला नाही. बी.ए. नंतर १९१३ च्या जूनमध्ये करार झाला: अमेरिकेतल्या शिक्षणाचा खर्च संस्थानाने द्यायचा, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची.

इथवरचा भाग आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो. पुढचा भाग सांगताना आवाज जरा खाली जातो.

करार पाळायला बाबासाहेब १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याला आले. हुद्दा मिळाला, पण कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर फायली लांबून फेकत. आम्ही सरकारी नोकरीत वीसेक वर्षे फायलीच हाताळतो आहोत, म्हणून ही गोष्ट जास्तच लागते. राहायला खोली कुणी देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याच दिवशी बाहेर पडायला सांगून गेला. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरात घेण्याचे टाळले. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. रविवारी मुलांना घेऊन आपण ज्या बागेत जातो तीच ही बाग. त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात.

महाराजांची सही, तिजोरीतला पैसा, परदेशातली पदवी, सगळे होते. नव्हते ते फक्त एखाद्या घरातल्या खोलीचे दार. आणि ती घरे काही अनोळखी लोकांची नव्हती. संस्थानच्या नोकरीत असलेली, शिकलेली, सुधारणेवर व्याख्याने ऐकणारी आपल्यासारखी मराठी कुटुंबे या शहरात तेव्हाही भरपूर होती.

केळुसकरांनी तरी प्रयत्न सोडला नाही. आपल्या माणसाला बडोद्यात जागा मिळत नाही हे कळल्यावर त्यांनी इथल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना गाठले आणि पैसे घेऊन बाबासाहेबांना घरी ठेवून घ्यायला राजी केले. बाबासाहेब पुन्हा गाडीत बसले. बडोदे स्टेशनावर उतरल्यावर प्राध्यापकांची चिठ्ठी हातात पडली: पत्नीची संमती नाही. ते स्टेशनावरूनच मुंबईला परत गेले.