गोळीमुळे की गोळीविनाही?

1953 मध्ये पीटर मेडावर यांनी एक प्रश्न विचारला. गर्भाची निम्मी जनुकं वडिलांची असतात, मग आईचं शरीर त्याला परकं समजून नाकारत का नाही? 1978 मध्ये आयव्हीएफचं पहिलं बाळ जन्मलं. पुढे चांगले भ्रूण सोडूनही काहींना पुन्हा पुन्हा अपयश येई, तेव्हा याच विचारातून उपाय निघाला: प्रतिकारशक्ती आड येत असेल, तर स्टेरॉइडने ती थोडी दाबू या. पक्का पुरावा नसतानाही प्रेडनिसोन दिलं जाऊ लागलं.

2022 मध्ये चीनमधल्या 8 केंद्रांतली चाचणी प्रसिद्ध झाली. दोन किंवा जास्त वेळा अपयश आलेल्या 715 स्त्रिया, दोन गट. एका गटाला रोज 10 मिलिग्रॅम प्रेडनिसोन, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधाविना गोळी. बाळ झालं अनुक्रमे 37.8 आणि 38.8 टक्के स्त्रियांना. उलट मुदतपूर्व प्रसूती 11.8 विरुद्ध 5.5 टक्के!

आता दुसरा गट नसताच तर? 37.8 टक्क्यांचं श्रेय आपण गोळीला देऊन मोकळे झालो असतो. म्हणून स्वतःचा प्रयोग आखताना आधी विचारा: माझा तुलनेचा गट कुठंय?