दिनविशेष : २६ ऑगस्ट

१९०९ : जर्मनीतील आल्टेना गावचे शिक्षक रिचर्ड शिरमान विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. ब्र्योल खोऱ्यात वादळी पावसाने त्यांना गाठले. ती रात्र सर्वांनी एका रिकाम्या शाळेत, पेंढ्यावर काढली. सुट्टीत बंद पडून असलेल्या शाळा भटक्या मुलांना मुक्कामासाठी का मिळू नयेत, असा विचार शिरमान यांच्या मनात त्याच रात्री आला. युवा वसतिगृहांच्या चळवळीचा जन्म तो हा. १९१२मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात वसतिगृह सुरू झाले. त्याच्या मूळ खोल्या आज संग्रहालय म्हणून जपल्या आहेत.

या कल्पनेचे मोल आज अधिक जाणवते. जी वास्तू उभी आहे तिथेच पाठ टेकायची, मग डोंगर फोडून नवे काही बांधावे लागत नाही. शिवाय खिशात फारसे पैसे नसलेल्या मुलालाही रान पाहता येते, आणि पाहिलेल्या रानाबद्दलच माया उपजते. याच चळवळीतल्या, आपल्याकडील यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातील मोहिमांत कितीतरी मराठी तरुणांनी पहिल्यांदा बर्फावर पाऊल ठेवले. सह्याद्रीत तर गडाच्या पायथ्याची शाळा किंवा गावदेवीचे देऊळ हाच आपल्या गिरिभ्रमण मंडळांचा मुक्काम असतो, गावकऱ्यांना विचारून आणि सकाळी ओसरी झाडून.