काश्मिरी घराची हिंवाळी बेगमी व भूर्जपत्र

आगोट लागण्यापूर्वीं घर शाकारणें, पावसाळी बाजूस झांप बांधणें, जळण माळ्यावर चढविणें ही बेगमी महाराष्ट्रांत घरोघर परिचयाची आहे. काश्मिरांत हीच धांदल पावसासाठीं नसून बर्फासाठीं असते. २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांस तेथील लोक 'चिल्लई कलां' म्हणतात. त्यापुढील २० दिवसांस 'चिल्लई खुर्द' व अखेरच्या १० दिवसांस 'चिल्लई बच्चा'. या ७० दिवसांकरितां जुनें घर कसें सज्ज करीत, हें पाहणें पोथ्यांच्या संग्राहकांसही अगत्याचें आहे. कारण ज्या दोन वस्तूंनीं त्या घराचें हिंवापासून रक्षण केलें, त्याच दोन वस्तूंवर काश्मीरची विद्या लिहिली गेली. त्या वस्तू म्हणजे भूर्जाची साल व कागद.

प्रथम घराची रचना पाहूं. अबुल फजलानें आईन-ए-अकबरींत या सुभ्याचें वर्णन करितांना तेथील घरें लांकडी, चार मजल्यांचीं व कांहीं त्याहूनही उंच असल्याचें सांगितलें आहे. तळमजल्यांत गुरें व किरकोळ सांठा, दुसऱ्यांत कुटुंबाची राहणी व वरच्या मजल्यांत चीजवस्त, अशी ती वाटणी. लांकूड मुबलक व भूकंप वारंवार, म्हणून दगडविटांचीं घरें बांधीत नाहींत, असें कारणही तो देतो. हीच वाटणी हिंवाळ्यासही सोईची होती. खालीं बांधलेल्या गुरांची ऊब वर राहणाऱ्या माणसांस मिळे.

घराच्या बेगमींत मुख्य काम छपराचें. छपराच्या फळ्यांवर भूर्जाच्या सालीचे थर अंथरून त्यांवर माती घालीत. भूर्ज हा वृक्ष सुमारें १०,००० फूट व त्याहूनही उंच डोंगरावर वाढतो. त्याची साल पापुद्र्यापापुद्र्यानें सुटते, तींत पाणी सहसा शिरत नाहीं व ती लवकर कुजत नाहीं. मातीनें थंडी अडे, सालीमुळें मातींतून झिरपणारें पाणी अडे आणि वर उगवलेल्या गवताच्या मुळांनीं माती जागच्या जागीं राही. जहांगीर बादशहा १६२० सालीं काश्मिरांत असतां त्यानें छपरांवरील माती व तींत वसंतांत फुलणारीं कंदाचीं फुलें पाहिलीं, आणि ही चाल काश्मिरी लोकांचीच म्हणून आपल्या आत्मवृत्तांत नमूद केली. बादशहाच्या नजरेंत फुलें भरलीं. परंतु घर कोरडें राहत होतें तें त्या फुलांखालच्या सालीमुळें.

आतां तीच साल लेखनाच्या बाजूनें पाहूं. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुणीनें असें लिहिलें आहे कीं, मध्य व उत्तर हिंदुस्थानांत 'तूज' वृक्षाच्या सालीवर लिहितात, तीस भूर्ज म्हणतात, तेल लावून व घोटून ती गुळगुळीत करितात, आणि पानें फडक्यांत गुंडाळून दोन फळ्यांमध्यें बांधून ठेवितात. अबुल फजलही काश्मिरांतील लोक बहुधा 'तूजा'वर लिहितात व त्यांची शाई पाण्यानें धुतली जात नाहीं, असें सांगतो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीसही ही चाल जिवंत होती. डॉ. बूलर यांनीं १८७५ सालीं मुंबई सरकारकरितां काश्मिरांत पोथ्या मिळविल्या व १८७७ सालीं त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १५८६ सालीं अकबरानें काश्मीर जिंकल्यानंतर कागदाचा प्रसार होऊन भूर्जपत्रावरील लेखन मागें पडलें, असें त्यांचें मत आहे.

तथापि लेखन मागें पडलें म्हणून साल डोंगरावरून खालीं येण्याची थांबली काय? मुळींच नाहीं. सर वॉल्टर लॉरेन्स यांच्या १८९५ सालच्या ग्रंथांतही भूर्जाचीं व मातीचीं छपरें आहेतच. तीन शतकें साल श्रीनगरास येतच होती. फक्त ती घोटून लिहिण्याजोगी करणारे हात उरले नाहींत. यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, भूर्जपत्रावरील लेखन मालाच्या तुटवड्यानें बंद पडलें नाहीं. दुसरी, 'भूर्जपत्रावर आहे, म्हणून पोथी अतिप्राचीन' हें संग्राहकांत रूढ असलेलें अनुमान टिकत नाहीं. काल ठरवावयाचा तो लिपीच्या वळणावरून, लेखकाच्या पुष्पिकेवरून व पत्राच्या घडणीवरून. नुसत्या सालीवरून नव्हे.

कागदाचीही कथा अशीच आहे. काश्मिरांत कागदाचा धंदा झैन-उल-आबिदीन (१४२०–७०) या सुलतानानें आणविला अशी परंपरा आहे. पुढें लेखनांत सालीची जागा कागदानें घेतली, आणि घरांतही त्यास एक काम मिळालें. जुन्या घरांच्या खिडक्यांस कांच नसे. लांकडी जाळीची 'पिंजरा' नांवाची कामगिरी असे. शरद् संपतांच त्या जाळीवर कागद चिकटवीत; त्यांतून उजेड येई, वारा येत नसे. वसंतांत तो फाडून टाकीत. साल वर्षानुवर्षें छपरावर राही. खिडकीचा कागद मात्र एका हिंवाळ्याचाच सोबती.

राहिला अग्नि. चिनाराचीं गळलेलीं पानें शरदांत झाडून, मंद जाळून त्यांचा कोळसा सांठवितात व तो वेताच्या विणीत बसविलेल्या मातीच्या भांड्यांत घालून तें फेरनाखालीं धरितात. हीच कांगडी. ती मोगलांच्या परिवारांतील इटालियनांकडून काश्मिरांत आली, असें मत मागें मांडण्यांत आलें होतें. परंतु अमरकोशांत अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती, हसनी हे पर्याय आहेत, आणि बाराव्या शतकांतील काश्मिरी कवींच्या संस्कृत काव्यांतही 'हसंतिका' येते. तेव्हां निखाऱ्यांचें भांडें जवळ बाळगण्यास या देशास परकीयांची वाट पाहावी लागली नाहीं. आपल्या 'शेगडी'चें मूळ याच 'शकटीं'त सांगतात. म्हणजे पुण्याची शेगडी व श्रीनगरची कांगडी यांचें गोत्र कोशाच्या एकाच स्थळीं सांपडतें.

पुढें पत्र्यानें भूर्जाचीं छपरें हटविलीं व कांचेनें खिडकीचा कागद. बूलरांच्या पोथ्या मात्र डेक्कन कॉलेजांतून १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आल्या. त्यांतील शारदा लिपींतील ऋग्वेदाचें भूर्जपत्र येथील ज्या ३० ऋग्वेदपोथ्यांत आहे, त्यांची युनेस्कोनें २००७ सालीं जागतिक स्मृतिनोंदणींत गणना केली. जुनीं छपरें गेल्यावर ही साल काश्मिरी माणसाच्या हातीं कशी येई व किती काळ टिके, याचा पुरावा आतां मुख्यत्वें पोथ्यांतच उरला आहे. याकरितां संग्राहकांस विनंति कीं, पोथीच्या टिपणांत ग्रंथनाम व कर्त्याबरोबर पत्राचे थर किती, तें घोटलेलें कीं राठ, गांठी कोठें, वेष्टन व फळ्या कशा, हेंही टिपावें. आणि नव्या बांधणीच्या हौसेनें मूळ पापुद्रे छाटूं नयेत. छाटलेला तुकडा पुन्हां मिळत नाहीं, व त्याबरोबर त्याची साक्षही जाते.