तव्यावरची तंबाखू कागदावर कधी आली?

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या वडूजचं नाव पुस्तकांत येतं ते ९ सप्टेंबर १९४२ मुळे. त्या दिवशी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. सरकारी दप्तराला दिसतं ते असं, कचेरीच्या दारात घडलेलं. चुलीपुढे काय चाललंय ते त्याला दिसत नाही. काळी तंबाखू तव्यावर कोळसा होईपर्यंत भाजायची, पूड करून डबीत भरायची, पहाटे बोटावर घेऊन दातांना लावायची. या मिश्रीचा इतिहास लिहायला बसलं की पहिली अडचण कागदाचीच येते.

तंबाखूचे कागद तसे भरपूर आहेत. खटाव-माणचा मुलूख आदिलशाहीत होता तेव्हा, १६०४ च्या सुमारास, अकबराचा दूत असदबेग विजापूरहून तंबाखू घेऊन आग्र्याला परतला. असा पदार्थ आपण हिंदुस्थानात पाहिला नव्हता, असं तो लिहितो. तीन हात लांब नळीची चिलीम त्यानं बादशहापुढे ठेवली. हकिमांनी हरकत घेतली, कारण या पाल्याचे गुणदोष त्यांच्या ग्रंथांत कुठेच नव्हते. अकबरानं दोन-चार झुरके घेतले आणि पुढे नाद केला नाही. सरदारांनी मात्र केला, मग व्यापाऱ्यांनी. जहांगिरानं १६१७ मध्ये बंदी घातली, ती टिकली नाही. या साऱ्या प्रकरणात मला शहाणे वाटतात ते हकीम.

नंतरचे कागद महसुलाचे. वडूजच्या गोळीबाराला सात महिने होतात न होतात तोच, १ एप्रिल १९४३ पासून, तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. निपाणीचा विडी-तंबाखूचा पट्टा बेळगावपासून कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापर्यंत पसरलेला. तिथल्या शेतकऱ्याच्या पानापानाचा हिशेब सुरू झाला. कच्च्या तंबाखूवरचा हा कर १९७९ पर्यंत चालला. खळ्यावरच्या तंबाखूचं वजन सरकारला ठाऊक होतं; तीच तंबाखू तव्यावर गेली की हिशेबातून सुटायची.

घराच्या आत डोकावणारा मोठा कागद आला तो वैद्यकाचा. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास निम्म्या बायका तंबाखू वापरत होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मिश्री. खटाव तालुका या पाहणीत नव्हता. पण निम्म्या बायकांना असलेली सवय दहा-वीस वर्षांत उगवत नाही आणि जिल्ह्याच्या हद्दीवर थांबतही नाही. म्हणून वडूजच्या बाजूला ती पिढ्यान्‌पिढ्यांची होती असं मी धरतो. हे अनुमान आहे, नोंद नव्हे.

कायद्याची नजर मात्र घरच्या तव्यावरच्या मिश्रीपर्यंत पोचली नाही. १९७५ चा इशाऱ्याचा कायदा सिगारेटच्या पाकिटापुरता. राज्याची २००२ ची गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये रद्द केली. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली, पण बंदी दुकानातल्या पुडीवर. तव्याला कुठला परवाना आणि कुठली धाड?

दरम्यान २००४ मध्येच मुंबईतल्या गरोदर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिनधुराची तंबाखू, त्यातही मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या आयांची बाळं जन्मताना सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. भिंतीवरच्या पाट्या अजून बहुतेक धूम्रपानाविषयीच बोलतात.

दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती: ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की मिश्रीवाली बाई सरळ ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या दृष्टीनं ते खरंच असतं. ‘दातांना काय लावता?’ असं विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.