कातलेल्या लेखणीची झळाळी

खरादावरच्या, म्हणजे लेथवरच्या, कातकामातली झळाळी हा वस्तूवर शेवटी चढवलेला थर आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. खरे तर ती पृष्ठभाग किती सपाट आहे यावर ठरते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रोमीटर असते. पृष्ठभागावरचे ओरखडे त्याहून बरेच मोठे असले की प्रकाश विखुरतो आणि वस्तू धुरकट दिसते. ते त्याहून लहान झाले की वस्तूत समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब उमटते. असा सपाटपणा दोन रीतींनी साधतो. एका रीतीत पदार्थ वितळवून त्याला आपोआप समतल होऊ देतात. दुसरीत तो न वितळवता क्रमाक्रमाने बारीक घासत नेतात. भारतातले खरादी पिढ्यानपिढ्या पहिल्या रीतीने काम करत आले. लेखणी लेथवर कातली जाऊ लागली तेव्हा दुसरी रीत रुजली, आणि त्या बदलातला एक महत्त्वाचा प्रसंग वर्ध्यात घडला.

पहिल्या रीतीचा पदार्थ म्हणजे लाख. लाख हे किड्याने स्रवलेले रेझिन. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वसतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतात. पळस आणि बोर विदर्भाच्या रानात भरपूर, आणि पूर्वेकडच्या गोंदिया-भंडारा भागात लाखेचे उत्पादनही होत आले. तिचा घरोघरी पोचलेला उपयोग बांगड्यांचा होता. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेरा जातीची स्वतंत्र नोंद आहे.

खरादावर लाख चढवण्याची पद्धत सावंतवाडी, कर्नाटकातले चन्नपट्टण आणि आंध्रातले एटिकोप्पाका येथे आजही पाहायला मिळते. चन्नपट्टणात आणि एटिकोप्पाकात काळ्या कुड्याचे पांढरे, घट्ट लाकूड वापरतात. ते कातून गुळगुळीत झाले की फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. दाबामुळे घर्षण होते, घर्षणाने लाख तापून मऊ होते आणि लाकडाला धरते. मग केवड्याचे पान दुमडून त्याच फिरत्या पृष्ठभागावर दाबायचे. पानाच्या घर्षणाने लाख पुन्हा तापते, जाड जागेवरून पातळ जागेकडे सरकते, लाकडाच्या बारीक भेगांत भरते आणि थंड होताना चकचकीत होऊन बसते. येथे वेगळा पॉलिशपेपर लागत नाही, वेगळे रोगण लागत नाही. लाख 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ होते, म्हणून हाताच्या दाबाने निर्माण होणारी उष्णता तिला पुरते. रंग चढवणे आणि झळाळी आणणे ही दोन्ही कामे एकाच उष्णतेवर उरकणारी इतकी काटकसरीची पद्धत कातकामात दुसरी नाही.

वर्ध्याच्या खेड्यांत मात्र अशा झळाळीला रोजच्या कामात जागा नव्हती. वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) सारख्या शेतीवर चालणाऱ्या गावात लाकूडकाम सुताराकडे असे, आणि त्याचा बहुतेक वेळ नांगर, वखर, तिफण, बैलगाडीची चाके यांत जाई. अवजाराला तेल पाजत; चकचकीत वस्तू बाजारातून किंवा जत्रेतून येई. लिहिण्याचे साधन होते बोरू. गवताच्या जातीची ती पोकळ काडी चाकूने तिरपी तासली की लेखणी तयार. तिला कातावे लागत नव्हते, घासावे लागत नव्हते.

14 डिसेंबर 1934 रोजी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचे काम सुरू झाले. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू होते आणि चिटणीस जे. सी. कुमारप्पा. हातकागद, घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ असे उद्योग तेथे तपासले जात, सुधारले जात. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयही खुले झाले. लेखनसाहित्याचा प्रश्न या कामात ओघानेच आला. हातकागद आणि बोरू ही जोडी खेड्याच्या आवाक्यातली होती. फाउंटन पेन मात्र परदेशातून येई. शाईच्या बाबतीत मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी 1931 साली देशी उत्पादन सुरू केले होते आणि त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. पेनच्या बाबतीत उत्तर आले ते गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीहून.

तेथील के. व्ही. रत्नम यांनी इबोनाइटच्या दांड्यांतून लेथवर पेन कातायला 1930च्या दशकाच्या आरंभी सुरुवात केली. त्यांचा एक पेन कुमारप्पांच्या हाती गांधीजींकडे पोचला. 16 जुलै 1935 रोजी वर्ध्याहून गांधीजींनी रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले: पेन वापरून पाहिला, बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटतो. ग्रामोद्योग संघ तेव्हा सात महिन्यांचा होता. लेथवर हाताने कातलेली वस्तू कारखान्यातल्या वस्तूशी तुलना करून पसंत केली गेली, हे या पत्राचे मोल आहे. कातकामाच्या इतिहासात त्याची दखल आजवर घेतली गेली त्याहून अधिक घेतली जायला हवी.

इबोनाइट म्हणजे कडक केलेले रबर. नेल्सन गुडइयर यांनी 1851 साली त्याचे अमेरिकी पेटंट घेतले. रबरात साधारण 30 टक्क्यांच्या आसपास गंधक मिसळून ते तासन् तास तापवले की काळे, घट्ट, शाईला न बधणारे द्रव्य तयार होते. ते लेथवर सुरेख कातले जाते, पण लाखेसारखे वितळून समतल होत नाही. फार दाबले तर जळक्या गंधकाचा वास सुटतो. म्हणून त्याची झळाळी घासूनच काढावी लागते: आधी पॉलिशपेपर, मग पाण्यात कालवलेली प्युमिसची पूड, त्यानंतर तेलात कालवलेली ट्रिपोलीसारखी मऊ माती, आणि शेवटी फिरत्या कापडी चाकावर बफ. अशी चकाकी खोल आणि मऊ दिसते, मात्र ती कायमची नसते. ऊन आणि दमट हवा यांनी पृष्ठभागातले गंधक बदलते आणि काळा पेन हळूहळू तपकिरी-हिरवट पडतो. तो पुन्हा काळा करायचा तर वरचा पातळ थर घासूनच काढावा लागतो.

रंगांची हौस इबोनाइट फारशी पुरवू शकत नव्हते. 1920च्या दशकात शेफर आणि पार्कर यांनी सेल्युलॉइडचे रंगीबेरंगी पेन आणले. दुधातल्या प्रथिनापासून केलेले केसिनही काही काळ चालले. 1930च्या दशकात अ‍ॅक्रिलिक बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या पारदर्शक छत्र्या विमानांवर बसल्या. अशा काचांवरचे ओरखडे नजरेआड होईपर्यंत घासण्यासाठी जे मऊ पाठीचे, अतिबारीक कागद आणि पॅड पुढे तयार झाले, तेच आज छंद म्हणून पेन कातणाऱ्यांच्या टेबलावर दिसतात.

ओतीव रेझिनचा पेन हा या क्रमातला सर्वांत अलीकडचा टप्पा. पॉलिएस्टर, इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन साच्यात ओतून रंगीत ठोकळा करतात, त्यात पितळी नळी चिकटवतात आणि लेथवर कातून हव्या जाडीवर आणतात. निम्मी झळाळी ओततानाच ठरलेली असते. हवेचे बुडबुडे आत राहिले तर कातताना ते उघडे पडतात, आणि पुढे त्यांत पॉलिशची पांढरी पेस्ट अडकून टिंब टिंब दिसतात. म्हणून ओतलेला साचा प्रेशर पॉटमध्ये ठेवून दाबाखाली घट्ट होऊ देतात. उघडे पडलेले बुडबुडे पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटने, म्हणजे घरोघरी असलेल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने, भरून पुन्हा सपाट करता येतात.

लाखेला जी घर्षणाची उष्णता हवी असते तीच येथे नुकसान करते. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाहीत. तापले तर मऊ पडतात, चरे ओढले जातात, कधी तडे जातात. त्यामुळे वॉटर पेपर पाण्यात भिजवून, हलक्या हाताने घासतात. पाणी पृष्ठभाग थंड ठेवते आणि सुटलेली पूड वाहून नेते. 400 नंबरपासून सुरुवात करून 600, 800, 1000, 1500, 2000 असे चढत जायचे. 400च्या कागदातला कण साधारण 35 मायक्रोमीटरचा, 2000च्या कागदातला सुमारे 10. मधला एखादा नंबर गाळला तर आधीच्या नंबरचे खोल चरे तसेच राहतात आणि बफ केल्यावर अधिकच उठून दिसतात.

प्रत्येक नंबरनंतर लेथ थांबवून पेनच्या लांबीच्या दिशेने चार हात मारणे ही नवशिक्यांकडून सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी. फिरत्या वस्तूवर पडणारे सारे ओरखडे गोलाकार असतात आणि एकमेकांत लपतात. लांबीच्या दिशेने हात मारले की उरलेला गोल चरा लगेच डोळ्यांत भरतो. नंबर बदलताना फडकेही बदलावे लागते, नाहीतर जुना जाड कण पुढच्या पायरीत येऊन नवा चरा पाडतो. त्यानंतर अतिबारीक पॅड, मग प्लास्टिकसाठीची पॉलिश पेस्ट आणि स्वच्छ सुती कापडाचा बफ, तोही कमी वेगात. इपॉक्सी हाताला कडक लागले तरी पूर्ण घट्ट व्हायला अनेकदा काही दिवस घेते. त्याआधी बफ लावला तर पृष्ठभाग लिंपल्यासारखा होतो आणि सारे काम 400पासून पुन्हा करावे लागते.